पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर: नागपूरच्या पानगळीच्या हिशेबाने निवड आणि निगा

शिशिर संपत आला की नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, सेमिनरी हिल्सच्या उतारांवर आणि जुन्या संस्थांच्या मोठ्या आवारांत पानांचा खच पडू लागतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत साग, पिंपळ, कडुनिंब, देशी बदाम, शिरीष अशी झाडे आळीपाळीने पाने टाकत असतात, आणि सकाळी खराट्याने लख्ख केलेला रस्ता दुपारच्या तापलेल्या वाऱ्यानंतर पुन्हा पानांनी भरलेला दिसतो. शहरातल्या एका शैक्षणिक संस्थेच्या अशाच झाडांनी भरलेल्या आवाराची देखभाल बरीच वर्षे माझ्याकडे होती. त्या काळात पाठीवर अडकवायचे, हवेच्या झोताने पाने उडवणारे पेट्रोलवरचे तीन लीफ ब्लोअर आम्ही वापरले. त्यांतला एक माझ्या निष्काळजीपणाने आजारी पडला, दुसरा दुकानातल्या आकड्यांना भुलून घेतला गेला, आणि तिसरा आजही कामावर आहे. आमचे माळी त्याला नुसती 'हवेची मशीन' म्हणतात.

नागपुरात असे यंत्र झिजून बंद पडल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. बहुतेक वेळा त्याला शिळे पेट्रोल तरी बंद पाडते किंवा धूळ तरी. म्हणून यंत्र निवडताना ते किती जोराने हवा फेकते यापेक्षा ते कोणाच्या पाठीवर बसणार आहे, त्यात कोणते पेट्रोल जाणार आहे आणि बिघडल्यावर ते कोण उघडणार आहे, या प्रश्नांना मी अधिक महत्त्व देतो.

मुळात घ्यावा का

धरमपेठेतल्या किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या बंगल्याच्या अंगणासाठी हे यंत्र घेऊ नये. तेवढ्या जागेला खराटा पुरतो, आणि फारच हौस असेल तर बॅटरीवरचा हातातला लहान ब्लोअर पुरतो. पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर उपयोगी पडतो तो सलग एक एकराहून मोठ्या आवारात, लांबलचक अंतर्गत रस्त्यांवर, क्रीडांगणावर किंवा जिथे रोज दोन-तीन तास काम आहे आणि बॅटरी चार्ज करत बसणे परवडत नाही अशा ठिकाणी. रुग्णालयाच्या शेजारी काम असेल तर मात्र पेट्रोल यंत्राचा आग्रह सोडून द्यावा. त्याच्या आवाजाबद्दल पुढे लिहिले आहे.

आपल्याकडे आणखी एक मोह असतो. काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यातल्या संत्र्याच्या बागांमुळे पाठीवरचे फवारणी यंत्र, ज्याला दुकानदार मिस्ट ब्लोअर म्हणतात, इथल्या कृषी अवजारांच्या दुकानांत सहज दिसते. तेही पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या लहान टू-स्ट्रोक इंजिनावर पंखा फिरवून नळीतून हवा फेकते, त्यामुळे टाकी रिकामी ठेवून त्यानेच पाने उडवावीत असे अनेकांना वाटते, आणि पाने उडतातही. परंतु डोक्यामागे असणारी औषधाची मोठी टाकी विनाकारण वाहावी लागते, नळीची रचना झाडाच्या शेंड्याकडे फवारा नेण्यासाठी असते, आणि बागेत वापरलेल्या यंत्राच्या नळीत कीटकनाशकाचा अंश उरलेला असतो. शाळेच्या किंवा वसाहतीच्या आवारात असे वापरलेले यंत्र आणणे मला मान्य नाही. मात्र या फवारणी यंत्रांचा आपल्याला एक फायदा जरूर होतो: त्यांच्यामुळे लहान टू-स्ट्रोक इंजिन उघडणारे मिस्त्री विदर्भात दुर्मीळ नाहीत.

आकडे वाचताना

पाठीवरच्या ब्लोअरचे इंजिन साधारणपणे ४० ते ८० सीसीचे असते आणि यंत्राचे कोरडे वजन ८ ते १२ किलो भरते. पुस्तिकेत हवेचे दोन आकडे ठळक छापलेले असतात. एक म्हणजे हवेचे आकारमान, जे सीएफएम (मिनिटाला घनफूट) किंवा ताशी घनमीटरमध्ये दिलेले असते (१ सीएफएम म्हणजे ताशी सुमारे १.७ घनमीटर), आणि दुसरा म्हणजे नळीच्या तोंडाशी हवेचा वेग. दुकानदार यांपैकी जो आकडा मोठा दिसेल तो सांगतो. मी दुसरे यंत्र घेतले तेव्हा नेमका वेगाचा आकडा ऐकून भाळलो होतो. घरी आणल्यावर लक्षात आले की वेग होता पण हवा कमी होती, आणि सागाच्या पानांच्या ढिगाला ते यंत्र भोक पाडायचे, ढीग मात्र हलवायचे नाही.

पाने खरोखर ढकलते ती या दोहोंच्या गुणाकारातून येणारी रेट्याची ताकद, आणि चांगले उत्पादक ती न्यूटनमध्ये देतात. उदाहरणार्थ, सेकंदाला ०.३ घनमीटर हवा सेकंदाला ९० मीटर वेगाने बाहेर पडत असेल आणि हवेची घनता घनमीटरला १.२ किलो धरली, तर रेटा सुमारे ३२ न्यूटन येतो. एखाद्या मोठ्या आवारासाठी २५ ते ३५ न्यूटनचे यंत्र योग्य समजावे. २० न्यूटनच्या खालचे यंत्र कोरड्या पानांपुरते आहे असे धरावे. हा हिशेब करताना दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली अशी की काही पुस्तिकांत हवेचा आकडा नळी न लावता, थेट पंख्याच्या तोंडाशी मोजलेला असतो आणि तो नळीसह मोजलेल्या आकड्यापेक्षा बराच मोठा दिसतो, त्यामुळे दोन यंत्रांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत याची खात्री करावी. दुसरी गोष्ट आपल्या हवामानाची आहे. हवा जितकी तापते तितकी ती विरळ होते. ४५ अंशांवर तिची घनता १५ अंशांच्या तुलनेत जवळजवळ दहा टक्क्यांनी कमी असते आणि नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरहून थोडे उंच आहे, म्हणून मे महिन्यात छापील रेट्यापेक्षा दहावा हिस्सा कमीच हाती लागतो असे गृहीत धरून चालावे.

आपल्या आवारात कोणती झाडे अधिक आहेत हे पाहून यंत्र निवडले तर पैसे वाया जात नाहीत. साग आणि बदाम यांची पाने मोठी असतात, वाळल्यावर वाटीसारखी वळतात आणि हवा धरतात. त्यांना भरपूर हवा व मोठे गोल तोंड लागते, वेग बेताचा असला तरी चालतो. कडुनिंबाचे आणि शिरीषाचे याच्या उलट आहे. त्यांच्या बारीक पानोळ्या सिमेंटच्या पेव्हर ब्लॉकच्या फटींत जाऊन बसतात, त्यावर पायांनी तुडवून त्यांचा भुगा होतो, आणि मग त्यांना फटीतून उपसायला वेगवान हवा आणि चपटे तोंड लागते. गोल आणि चपटे अशी दोन्ही तोंडे सोबत मिळतात की वेगळी विकत घ्यावी लागतात, हे बिल होण्याआधीच विचारून घ्यावे. पावसाळ्यात जमिनीला चिकटलेली ओली पाने चपट्या तोंडाने सुटतात खरी, पण त्या कामाला पेट्रोल फार जळते. अशा वेळी मी ऊन पडण्याची वाट पाहतो.

पाठ, पट्टे आणि दुकानातली परीक्षा

यंत्र विकत घेणारा साहेब असतो आणि ते वाहणारा माळी असतो, म्हणून दुकानात माळ्याला सोबत न्यावे. दोन लिटरची टाकी भरली की दीड किलो वजन वाढते, म्हणजे १० किलोचे यंत्र साडेअकरा किलोंचे होते आणि ते तास-दोन तास पाठीवर राहते. कमरेचा पट्टा असलेले यंत्र घ्यावे. तो घट्ट बांधला की भार खांद्यावरून कंबरेवर उतरतो. पाठीची गादी जाळीदार असावी, कारण रेक्झिनची गुळगुळीत गादी एप्रिलमध्ये अर्ध्या तासात घामाने चिंब होते. आमच्याकडचा एक माळी जेमतेम पाच फूट उंचीचा होता. त्याच्या पाठीवर मोठे यंत्र चढवले की खालची चौकट त्याच्या मांड्यांवर आपटत असे, आणि हे आम्हाला यंत्र आवारात आल्यानंतर कळले.

थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा खटका, नळीवरच्या मुठीत आहे की बाजूच्या दांड्यावर, हेही वापरून पाहावे. झाडांच्या दाटीत, कुंपणाजवळ काम असेल तर नळीवरची मूठ सोयीची ठरते, कारण दुसरा हात मोकळा राहतो. लांब रस्त्यांवर काम असेल तर थ्रॉटल एका जागी अडकवून ठेवायची सोय असावी, नाहीतर संध्याकाळपर्यंत बोटे आखडतात. कंपन हातात किती उतरते हे दुकानात यंत्र सुरू करून पाहिल्याशिवाय समजत नाही. खोक्यावर ते वाचता येत नाही.

पैसे देण्यापूर्वी मी दुकानदाराला तीन वस्तू काउंटरवर ठेवायला सांगतो: त्या मॉडेलचा एअर फिल्टर, कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) पडद्यांचे व गॅस्केटचे किट आणि दोरी ओढायच्या स्टार्टरची स्प्रिंग. तिन्ही वस्तू शेल्फवरून निघाल्या तर यंत्र घ्यावे. 'मागवून देतो, चार दिवसांत येईल' असे उत्तर आले, तर ते चार दिवस ऐन पानगळीत चार आठवडे होतात असे समजावे. स्टिल, हुस्क्वर्ना, एको यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांची यंत्रे महाग असतात, आणि त्या जास्तीच्या किमतीचा मोठा भाग सुटे भाग मिळण्याचाच असतो. स्वस्त, नाव नसलेले यंत्रही चालते; मात्र त्याचे फिल्टर आणि कार्बोरेटर किट त्याच दिवशी दोन-दोन घेऊन ठेवावेत. बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा.

पेट्रोल आणि ऑइल

या भागावर मी मुद्दाम जास्त लिहितो आहे, कारण माझे पहिले यंत्र इथेच अडले.

यांतली बहुतेक यंत्रे टू-स्ट्रोक असतात. त्यांच्या इंजिनात वंगणाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल हेच पिस्टनचे एकमेव वंगण असते. पुस्तिकेत ५०:१ लिहिले असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल, ४०:१ असेल तर २५ मिलिलिटर आणि २५:१ असेल तर ४० मिलिलिटर लागते. 'थोडे जास्त ऑइल घाला, इंजिन टिकेल' हा जुन्या मिस्त्र्यांचा सल्ला ऐकू नये. जास्तीचे ऑइल पूर्ण जळत नाही, त्याचा काजळीसारखा थर सायलेन्सरमध्ये आणि पिस्टनच्या खोबणीत जमतो, ठिणगी पाडणारा प्लग काळा पडतो आणि यंत्राचा जोर हळूहळू उतरतो. ऑइल टू-टीच, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचेच असावे आणि त्यावर जासो एफडी ही जपानी दर्जाची खूण असलेली प्रत घ्यावी. बोटींच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचे ऑइल या हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला चालत नाही, आणि मोटारीचे इंजिन ऑइल तर मुळीच चालत नाही. काही यंत्रे फोर-स्ट्रोक असतात. त्यांतल्या काहींना वेगळे ऑइल लागते तर काहींना फोर-स्ट्रोक असूनही मिश्र पेट्रोलच लागते, त्यामुळे टाकीच्या झाकणावरची खूण पाहिल्याशिवाय काहीही ओतू नये.

मिश्रण यंत्राच्या टाकीत कधीही करू नये. पेट्रोलसाठी बनवलेल्या स्वच्छ कॅनमध्ये आधी निम्मे पेट्रोल घ्यावे, त्यात मोजलेले ऑइल ओतावे, झाकण लावून चांगले हलवावे आणि मग उरलेले पेट्रोल भरावे. मिश्र पेट्रोलच्या कॅनला आम्ही तांबड्या रंगाचा पट्टा ओढला आहे. असा पट्टा नसताना एका बदली कामगाराने दुचाकीतून काढलेले साधे पेट्रोल यंत्रात ओतले होते. अर्धा तासही झाला नसेल, यंत्राचा आवाज कर्कश झाला आणि मग ते एकदम थांबले. दोरी ओढता येईना. मिस्त्र्याने सायलेन्सर काढून पिस्टन दाखवला, तेव्हा धूर बाहेर पडण्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत उभ्या रेघा उमटलेल्या होत्या, जणू कोणी काट्याने ओरबाडले असावे. पिस्टन आणि सिलेंडर दोन्ही बदलावे लागले.

दुसरा प्रश्न इथेनॉलचा आहे. २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलेले २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२५ मध्ये देशभरातल्या पंपांवरचे नेहमीचे पेट्रोल झाले, आणि या लहान यंत्रांचे बहुतेक उत्पादक मात्र १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहितात. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, रबराच्या नळ्या आणि कार्बोरेटरचे पडदे यांवर वाईट परिणाम करते, आणि इंजिनात हवा-पेट्रोलचे मिश्रण विरळ होऊन ते अधिक तापते. इथेनॉलरहित प्रीमियम पेट्रोल जवळच्या पंपावर मिळत असेल तर या यंत्रापुरते तेच वापरावे. दिवसाला दोन-तीन लिटर लागणाऱ्या यंत्राला किमतीतला फरक जड जात नाही. 'प्रीमियम' शब्द लिहिला म्हणजे इथेनॉल नाही असे मात्र समजू नये.

खात्री करून घ्यायची असेल तर प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानातून १०० मिलिलिटरचे खुणा असलेले काचेचे नळकांडे आणावे. उघड्यावर, आगीपासून आणि गरम यंत्रापासून दूर, त्यात आधी १० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि वर ९० मिलिलिटर पेट्रोल ओतावे. तोंड बंद करून हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जाते, त्यामुळे खालचा थर फुगतो. तो १० वरून २८ च्या खुणेजवळ गेला, तर ९० मिलिलिटर पेट्रोलात सुमारे १८ मिलिलिटर, म्हणजे २० टक्के इथेनॉल आहे असे समजावे. खालचा थर १० वरच राहिला तर पेट्रोल इथेनॉलरहित आहे. चाचणीचे पेट्रोल पुन्हा यंत्रात वापरू नये.

नेहमीचे पेट्रोलच वापरावे लागत असेल तर ते शिळे होऊ देऊ नये, एवढे पथ्य तरी पाळावे. एकदा केलेले मिश्रण मी पंधरा दिवसांपलीकडे ठेवत नाही आणि पावसाळ्यात आठवड्यापलीकडे नाही. दिवसाचे काम संपल्यावर उद्याही काम असेल तर टाकीत पेट्रोल राहू द्यावे. तीन-चार दिवस सुट्टी असेल तर टाकी कॅनमध्ये रिकामी करावी.

सुरू करणे आणि चालवणे

थंड यंत्र सुरू करताना कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओढणारा प्रायमरचा पारदर्शक फुगा पाच-सात वेळा दाबावा, त्यात पेट्रोल दिसले की चोक लावून दोरी ओढावी. पहिला खोकल्यासारखा आवाज येताच चोक काढून पुन्हा ओढावे. आमच्याकडे सर्वांत जास्त चूक इथे होते: पहिला खोकला कानावर येत नाही, चोक तसाच राहतो आणि दहा-पंधरा ओढींनंतर इंजिनात पेट्रोल साचते. मग माळी येऊन म्हणतो, "साहेब, मशीन उचलूनच नाही राहिली." अशा वेळी प्लग काढून पुसावा, त्याची टोपी बाजूला सुरक्षित ठेवावी, थ्रॉटल पूर्ण उघडून पाच-सहा वेळा दोरी ओढावी म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर पडते, आणि सांडलेले पुसून थोड्या वेळाने प्लग बसवावा. उन्हाळ्यात जरा वेळ थांबवलेले गरम यंत्र पुन्हा सुरू करताना चोक अजिबात लावू नये.

टाकी भरताना यंत्र बंद करून किमान दहा मिनिटे निवू द्यावे आणि ते मोकळ्या सिमेंटवर किंवा मातीवर ठेवावे. वाळलेल्या पानांच्या ढिगावर गरम सायलेन्सर टेकवणे ही एप्रिलच्या नागपुरात थेट आगीला दिलेली हाक आहे. पूर्ण थ्रॉटलवर एक टाकी साधारण तासभर जाते. पण पूर्ण थ्रॉटलची गरज फार थोड्या वेळा पडते. कोरडी पाने अर्ध्या थ्रॉटलवर सरकतात, धूळ कमी उडते आणि माळीही कमी थकतो. वाऱ्याच्या दिशेने चालावे, तोंड जमिनीला थोडे तिरके धरावे आणि पाने एकाच कडेला ढकलत न्यावीत. ती नालीत ढकलू नयेत, कारण जूनच्या पहिल्या सरीत तीच नाली तुंबते. मातीच्या वाटांवर आधी पाण्याचा हलका शिडकावा करावा.

चालवणाऱ्याच्या कानाशी या यंत्राचा आवाज ९५ ते १०५ डेसिबलपर्यंत जातो, म्हणून कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर एन-९५ मास्क ही त्याची वर्दी समजावी. गमछा बांधल्याने बारीक धूळ अडत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि दिवस सकाळी ६ पासून मोजला जातो. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. आमचे आवारच शिक्षणसंस्थेचे असल्याने आम्ही वर्ग सुरू होण्याआधी, सकाळी साडेसहा ते साडेआठ या वेळात काम उरकतो. उन्हाळ्यात त्यानंतर पाठीवर इंजिन घेऊन फिरायला कोणाला सांगणे तसेही योग्य नाही. जमलेली पाने जाळू नयेत. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशानुसार उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये भरपाई वसूल करता येते, आणि खड्डा करून शेणकाल्यासह कुजवलेली पाने पुढच्या वर्षी वाफ्यांत उपयोगी पडतात.

रोजची आणि हंगामातली निगा

रोज काम संपल्यावर पाठीमागची हवा ओढणारी जाळी पाहावी. तिच्यावर पाने चिकटली की पंख्याला हवा कमी मिळते, रेटा उतरतो आणि इंजिन तापते. सिलेंडरच्या पात्यांमध्ये धूळ आणि ऑइल मिळून जो काळपट थर बसतो, तो आठवड्याला लाकडी पट्टीने आणि ब्रशने काढावा.

एअर फिल्टर मार्च ते मे या काळात दर आठ तासांच्या कामानंतर उघडावा. कागदी फिल्टर हलक्या हाताने आपटून झटकावा, धुऊ नये. फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा आणि पुस्तिकेत सांगितले असेल तरच त्यावर ऑइलचा हात फिरवावा. तो उजेडापुढे धरून पाहण्याची सवय ठेवावी. एखादा बारीक छेद दिसला तरी तो फेकून द्यावा, कारण आपल्या वाळक्या मातीचे कण त्या छेदातून आत गेले की पिस्टनच्या कडा पॉलिश कागदाने घासल्यासारख्या झिजतात. फिल्टरशिवाय पाच मिनिटेही यंत्र चालवू नये, 'बघू या काय होते' म्हणूनसुद्धा नाही.

प्लग महिन्यातून एकदा काढावा. त्याच्या टोकाचा रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा असेल तर इंजिन निरोगी आहे. तो ओला व काळा असेल तर ऑइल जास्त, चोक अडकलेला किंवा फिल्टर तुंबलेला असतो. पांढरट असेल तर मिश्रण विरळ आहे आणि कुठून तरी जास्तीची हवा शिरते आहे, तेव्हा यंत्र लगेच थांबवून दाखवावे. प्लगच्या टोकाची फट पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. या यंत्रांत ती बहुधा ०.५ ते ०.७ मिलिमीटर असते. हंगामाला एक नवा प्लग मी जुना चांगला असला तरी बसवतो.

टाकीच्या तळाशी नळीच्या टोकाला असलेला पेट्रोल फिल्टर वाकवलेल्या तारेने बाहेर ओढून वर्षातून एकदा बदलावा. सायलेन्सरमध्ये ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. ती काजळीने भरली की यंत्र सुरू होते पण जोर धरत नाही. जाळी तारेच्या ब्रशने साफ करावी किंवा बदलावी, परंतु ती काढून यंत्र चालवू नये, कारण वाळलेल्या गवतात तिच्याशिवाय ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

कोणती खोड कशाची आहे हे थोडे ओळखता आले तर मिस्त्र्याकडच्या फेऱ्या वाचतात. यंत्र दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालून बंद पडत असेल, टाकीचे झाकण सैल केल्यावर फुस्स आवाज येत असेल आणि मग ते पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीला श्वास घेऊ देणारी झडप बंद झाली आहे. थ्रॉटल दिल्याबरोबर गुदमरत असेल तर कार्बोरेटरचा पडदा किंवा पेट्रोल फिल्टर पाहावा. दोरी ओढताना हाताला दाबच लागत नसेल तर पिस्टनच्या रिंगचे किंवा पिस्टनचे काम निघाले आहे असे धरावे. कार्बोरेटरचे स्क्रू मात्र घरी फिरवू नयेत. आवाज गोड लागेपर्यंत फिरवलेला स्क्रू बहुतेक वेळा मिश्रण विरळ करतो, आणि तो गोड आवाज पिस्टन जळण्याच्या आधीचा असतो.

पावसाळ्यासाठी आवरून ठेवताना

माझे पहिले यंत्र एप्रिलमध्ये काम संपल्यावर टाकीत पाऊण लिटर मिश्रण असतानाच कोठीत गेले आणि दिवाळीनंतर बाहेर आले. मिस्त्र्याने कार्बोरेटर उघडून त्यातला पडदा बोटांत धरला, तेव्हा लवचीक असायला हवा होता तो तुकडा पापडासारखा कडक झालेला होता आणि वाकवताच कडेला चिरला. टाकीतून काढलेल्या पेट्रोलाला जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येत होता, आणि तळाशी पाण्याचा वेगळा थर दिसत होता.

तेव्हापासून मेअखेरीस टाकी पूर्ण रिकामी करतो, प्रायमरचा फुगा कोरडा होईपर्यंत दाबतो, मग यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू देतो. निवल्यावर प्लग काढून आत एक चमचा टू-टी ऑइल सोडतो, दोरी दोनदा सावकाश ओढतो आणि प्लग परत बसवतो. यंत्र सिमेंटच्या ओलसर फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवतो, आणि नळीचे तोंड व हवेची जाळी कापडाने बांधतो, कारण कोठीतल्या उंदरांना पंख्याचे घर आणि पट्ट्यांचा फोम दोन्ही फार आवडतात. मुठीला पुठ्ठ्याची एक चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली असते. तिच्यावर पेट्रोल कोणत्या तारखेला काढले, प्लग आणि फिल्टर कधी बदलले, आणि पुढच्या हंगामाआधी कोणते किट आणायचे आहे, एवढेच लिहिलेले असते. ती लिहिण्याचे काम आता आमच्या माळ्याकडे आहे, आणि त्याच्या चिठ्ठीत माझ्यापेक्षा कमी चुका असतात.